एकोणिसावं बेट

भूगोलाच्या मास्तरांनी लग्न ठरतानाच बायकोला शब्द दिला होता, की परदेशी नेईन, पण आधी आपल्या किनाऱ्यासमोरची सगळी बेटं पाहून घेऊ. शिवणकाम करणाऱ्या त्या भाबड्या बाईने हसून मान डोलावली आणि तिथेच ती फसली.

गेली चोवीस वर्षं सुट्टी लागली की तेच. तीच होडी, तीच मळमळ, तेच माड आणि तीच वाळू! घरी परतल्यावर महिनाभर शिलाई मशीनच्या खणातसुद्धा वाळू सापडायची. त्याच खणात बॉबिनांशेजारी तिचा पासपोर्ट पडलेला असायचा. दोनदा नवा करून घेतला, तरी आतलं पान न् पान कोरं.

आज मात्र एकोणिसावं, म्हणजे शेवटचं बेट होतं. मास्तरांनी वाळूत बसून यादीवर खूण केली.

"संपली ना एकदाची?" ती म्हणाली. "आता मुकाट्याने विमानाची तिकिटं काढा."

"काढतो गं. शब्द म्हणजे शब्द," म्हणत मास्तर होडीवाल्याकडे वळले. "काय हो, एकोणीसच ना?"

"भरतीला एकोणीस. ओहोटीला आणखी चार वर येतात. नकाशात नाहीत ती."

मास्तरांचा चेहरा असा काही उजळला, की तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला हातात घेऊन ती गुडघाभर पाण्यातून तरातरा होडीत जाऊन बसली.

"चला, दादा."

"आणि मास्तर?"

"त्यांना ओहोटीला न्यायला या."