दोरीपलीकडचा फ्रिज

“दोरीच्या अलीकडे थांबा,” काका म्हणाले.

खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंचा एक पाय स्वयंपाकघरात पडला होता, तो त्यांनी परत घेतला. दाराच्या चौकटीला या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बांधलेली होती. मधोमध एक पुठ्ठा लटकत होता. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : हात लावू नये.

“अहो, मी झाडू घेऊन आलेय तुमच्यासाठी. भिंत बघा कशी झालीय! तव्याची पाठ परवडली.”

“झाडूला परवानगी नाही.”

“कोणाची?”

“कंपनीची. फोनवर म्हणाले, आमचा माणूस येऊन बघेपर्यंत सगळं जसंच्या तसं जतन करून ठेवा.”

“म्हणून दोरी?”

“दोरीशिवाय जतन कसं होणार?” काका म्हणाले. त्यांना हा प्रश्नच कळला नव्हता.

काकांनी आयुष्यभर वस्तुसंग्रहालयात पहारा केला होता. भांड्यांच्या दालनात दाराशी एक खुर्ची, खुर्चीत काका आणि समोर कधीकाळी कोणीतरी जेवलेली ताटं. बरोबरचे लोक त्यांना ‘हातलावूनका’ म्हणत, कारण दिवसभरात ते तेवढंच बोलत. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा काकांनी समोरच्या फुलदाणीकडे गेलेला साहेबांचा हात पाहिला आणि नेमके तेच शब्द बोलून खाली बसले. शब्द तीन झाले, पण टाळ्या पडल्या.

फ्रिज पेटला तेव्हा ते बाहेरच्या खोलीत दुपारची डुलकी काढत होते. फ्रिज तसा नवा होता. जुना काकूंच्या वेळचा. काकू गेल्यावर काही दिवसांनी तोही बंद पडला, म्हणून लेकीने हा आणून दिला होता. हा सुरुवातीपासून रात्रंदिवस कण्हायचा. काकांना ते बरं वाटायचं. घरात कोणीतरी कुरकुरतंय, एवढी सोबत त्यांना पुरत होती. त्या दुपारी कुरकुर थांबली आणि त्या शांततेनेच त्यांना जाग आली. आत जाऊन बघतात तर फ्रिजच्या पाठीमागून ज्वाळा छताकडे निघालेल्या. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला, मग बादल्या. टेलरबाई आरडाओरडा करत वर आल्या, तोवर भिंत, छत, कपाट आणि एक खुर्ची एवढं जळून गेलं होतं.

पहिले काही दिवस घरात गर्दी उसळली. काकू गेल्या तेव्हासुद्धा इतकी माणसं आली नव्हती. इमारतीतले, शेजारच्या इमारतीतले, एकदा तर पोस्टमन पत्र नसताना वर आला. काका दोरीशी खुर्ची टाकून बसायचे. “इथून ज्वाला उसळली, इथे काच तडकली, कपाटाच्या बाजूने पुढे चला,” असं सांगायचे. पुढे चलायला जागा नव्हती, पण लोक मान डोलवायचे. मग हळूहळू गर्दी ओसरली. काका तरी ठरल्या वेळी खुर्चीत बसत राहिले. भांड्यांच्या दालनातही पावसाळ्यात कोणी फिरकत नसे. म्हणून काय दालन बंद ठेवतात?

रोज सकाळी ते कंपनीला फोन लावायचे.

“काका, तुमची तक्रार आमच्याकडे आहे,” ग्राहकसेवेतली मुलगी म्हणायची. आता ती आवाज ओळखायला लागली होती.

“आहे ना? बरं.”

“माणूस आला की कळवतो.”

“सावकाश येऊ दे. तुझा खोकला कसा आहे?”

“बराय आता. काका, लाइनवर लोक आहेत हो.”

“घे, घे. त्यांचं आधी घे.”

संध्याकाळी लेकीचा फोन यायचा. तिचं म्हणणं ठरलेलं होतं आणि काकांनी त्याला होकारही दिलेला होता. कंपनीने भरपाई दिली तर स्वयंपाकघर नवं करायचं आणि काकांनी आपल्या घरात खुशाल राहायचं. नाही दिली तर मुकाट्याने तिच्याकडे यायचं. तिच्याकडे काकांसाठी एक खोली होती. त्या खोलीत व्यायामाची सायकल होती आणि सायकलवर घरातले सगळे ओले टॉवेल. मागे काका तिथे राहायला गेले होते, तेव्हा त्यांनी जावयाच्या साहेबांना शोकेसपासून दोन पावलं मागे सरकायला लावलं होतं. सगळे हसले होते. जावई जरा उशिरा हसला होता.

तेव्हा सगळं त्या कंपनीच्या माणसावर होतं, आणि काका त्याच्यासाठी तयारी करत होते. संग्रहालयात त्यांच्या अंगवळणी पडलेलं काम त्यांनी इथेही सुरू केलं. रोज दार उघडायच्या आधी मऊ कुंचला घेऊन प्रत्येक वस्तूवरची धूळ काढायची. इथे धुळीऐवजी काजळी होती, एवढाच फरक. पहिल्या दिवशी त्यांनी फ्रिजचं दार लख्ख केलं. मग बाजू, मग फ्रिज जरा पुढे ओढून पाठ. मागे वितळून पडलेले तुकडे त्यांनी वेचून धुतले आणि बशीत कापूस घालून मांडले. जळक्या वायरी पुसून सरळ केल्या. जळक्या खुर्चीचे उरलेले पायही पुसून ओळीत ठेवले. फरशी आणि भिंत यांना मात्र त्यांनी हात लावला नाही. ते सफाई खात्याचं काम. त्यावरून संग्रहालयात एकदा संप झाला होता.

शेवटी कंपनीचा माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी, चेहऱ्यावर जिने चढल्याचा राग. काकांनी त्याच्यासाठी दोरी सोडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच सुटत होती.

माणूस फ्रिजसमोर उभा राहिला. मग मागे गेला. मग पुन्हा पुढे आला.

“जळलेला कुठला?”

“हाच.”

“हा?” त्याने बॅटरी मारली. उजेड फ्रिजवरून परतून त्याच्याच डोळ्यांत गेला. “काका, हा धुतला कोणी?”

“धुतला नाही. कोरडाच साफ केला. पाणी वापरत नाही आपण.”

“तुम्हाला जसंच्या तसं ठेवायला सांगितलं होतं ना?”

“तसंच ठेवलंय. एक वस्तू घराबाहेर गेलेली नाही.” काकांनी बशी पुढे केली. “हे मागचे तुकडे. आकारमानानुसार लावलेत.”

माणसाने बशीकडे बराच वेळ पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने कपाळावर हात मारला, पण हलक्या हाताने.

“काका, कुठला तुकडा कुठे पडला होता, कुठल्या वायरीवर किती काजळी होती, त्यावरून कळतं हो आग कुठून निघाली. फ्रिजमधून की तुमच्या घरातल्या वायरिंगमधून. आता भिंत म्हणते आग इथे होती, आणि फ्रिज म्हणतो मी गावातच नव्हतो.”

“फ्रिजमधूनच निघाली. मी बघितली.”

“तुम्ही बघितलीत. मी काय लिहू?”

इतकी वर्षं काकांनी लोकांना हात लावू नका म्हणून सांगितलं, पण आपल्या हाताला कोणी हात म्हणत असेल हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

माणसाला त्यांची दया आली असावी. “बरं, बाकीचं सांगा. हे पाय कसले?”

“खुर्चीचे.”

“वापरात होती?”

काकांनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “नाही. मी दुसऱ्या खुर्चीवर बसतो.”

“मग ही?”

“समोरची.”

“तिच्यावर कोण बसायचं?”

“हल्ली कोणी नाही.”

“वापरातच नव्हती तर नुकसान कसं दाखवायचं, काका?”

काकांनी त्याला पाणी दिलं. तो पाणी प्यायला, पेला कुठे ठेवायचा म्हणून त्याने इकडेतिकडे बघितलं आणि भीत भीत काकांच्याच हातात दिला.

पुढच्या आठवड्यात फोन काकांनी लावला नाही, त्या मुलीनेच केला.

“काका, तुमची तक्रार बंद झालीय.”

“म्हणजे मिटली?”

“नाही, बंद झाली. नामंजूर. आता मला सिस्टीममध्ये तुमचं नाव दिसणार नाही.”

“हो, बरोबर. आता लाइन अडवायची नाही,” काका म्हणाले. “तू गरम पाणी पीत जा.”

रविवारी लेक आणि जावई गाडी घेऊन आले. येताना तिने भंगारवाल्यालाही बोलावलं होतं. भंगारवाल्याने फ्रिजभोवती एक चक्कर मारली. “एवढा चकाचक फ्रिज भंगारात कशाला घालताय, काका? अजून दहा वर्षं चालेल,” असं म्हणून त्याने तो पाठीवर घेतला. विळ्यासारखा वाकून तो जिना उतरून गेला. त्याच्यामागे जावई काकांची बॅग घेऊन उतरला.

स्वयंपाकघरात दोघंच राहिली. जिथे फ्रिज होता तिथे फरशीचा एक चौकोन उघडा पडला होता. त्यावर ना काजळी पोहोचली होती, ना त्याआधीचं तेल-तिखट, ना पावलांची ये-जा. जुना फ्रिज ठेवला त्या दिवसापासून तो तसाच झाकलेला राहिला होता. निळाशार.

लेक खाली वाकली. “निळी होती ही फरशी? मला वाटायचं तपकिरी आहे.”

“तुझ्या आईने निवडली होती. दुकानदाराशी भांडून.”

ती गुडघे झटकून उठली. “चला बाबा. ते खाली थांबलेत.”

“तुम्ही व्हा पुढे.”

“ठरलं होतं ना आपलं?”

“ठरलं होतं.”

“मग? राहणार कुठे इथे? भिंत बघा, छत बघा.”

काकांनी बोट दाखवलं. “एवढी जागा शाबूत आहे.”

“बाबा, ती फ्रिजची जागा आहे!”

“तो गेला ना आता.”

ती हसली, मग तिला हसता येईना. खालून हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. तिने पिशवीतून वाटेत खायला आणलेला डबा काढून ओट्यावर ठेवला, म्हणाली, “पुढच्या रविवारी येते, तेव्हा ऐकणार नाही,” आणि गेली. काही वेळाने जावई बॅग दाराशी ठेवून परत उतरला.

काकांनी डबा ताटात काढून घेतला. बसायला बाहेरच्या खोलीत खुर्ची होती, पण ते आत गेले आणि त्या निळ्या चौकोनात मांडी घालून बसले. फ्रिजएवढ्या जागेत एक माणूस अगदी बेताचा मावतो. पण काका सवयीने जरा एका अंगाला सरकून बसले, शेजारी जागा ठेवून, त्यामुळे त्यांचा एक गुडघा काळ्या फरशीवर आला.