मोतीलालच्या गळ्यावरचं फडकं

मळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. यावलपासून दोन कोसांवरच्या त्या केळीच्या बागेत पाच-सहाशे माणूस दाटलं होतं. मधल्या मांडवात बाजेवर एक रोगी निजवलेला आणि त्याच्या उशाशी श्री निर्विषानंद महाराज. नावच पाहा! महाराजांनी तांब्याच्या घंगाळातून एक ओलं पांढरं फडकं काढलं, चारी बाजूंनी गर्दीला दाखवलं, रोग्याच्या गळ्यावर ठेवलं आणि वर लोखंडी कढईतलं तीर्थ शिंपडलं. बघता बघता फडकं काळं पडलं. लोकांनी गजर केला, बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या.

"डॉक्टर सुईनं विष आत घालतो, आम्ही फडक्यानं बाहेर ओढतो," महाराज म्हणाले. "ह्याचे केस का गळले? विष. तोंड का आलं? विष. ताप का चढला? विष निघायला लागलं म्हणून."

झाली वैद्यकी! एरवी मला हसू आलं असतं. पण बाजेवरचा तो रोगी माझा नवरा होता.

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. मोतीलाल केळी कापायच्या कामावर जायचे. गळ्यात गाठी आल्या म्हणून जळगावच्या दवाखान्यात दाखवलं, तर कॅन्सर निघाला. औषध सुरू झालं तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून बजावलं होतं, की ह्या औषधानं गाठींबरोबर रक्तातल्या राखणदार पेशीही मरतात. अशात ताप आला तर घरी काढा करत बसायचं नाही, तडक यायचं. तिसऱ्या खेपेनंतर ताप आलाच. मी पहिल्या एस.टी.नं त्यांना नेलं. सलाईनमधून इंजेक्शनं चालू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त लागलं, तेव्हा माझ्या जेठांना, अभिमनभाऊंना, खाटेपाशी बसवून मी रक्तपेढीत गेले. दोन तासांनी बाटली घेऊन आले तर खाट रिकामी. सलाईनची नळी नुसती लोंबत होती. नर्स म्हणाली, थोरल्या भावानं स्वतःच्या जबाबदारीवर सही करून नेलं.

ज्यांच्या भरवशावर माणूस सोडून गेले, त्यांनीच तो उचलून नेला होता. कुठे नेला हे विचारायची गरज नव्हती. महाराजांचा मांडव महिनाभर त्यांच्याच मळ्यात पडलेला होता.

गर्दीतून वाट काढत मी बाजेपर्यंत पोचले आणि आधी कपाळाला हात लावला. चटका बसला. मग गळ्यावरचं ते फडकं उचललं. शिष्य ओरडला, हात लावू नको, विष लागेल. काळ्या फडक्याला ते कुणालाच हात लावू देत नव्हते, लगेच आगीत टाकत होते. फडकं बोटांना चिकटलं. अहो, अठरा वर्षं मी नवऱ्याचे कामावरचे कपडे धुतले. साबण, सोडा, लिंबू, सगळं करून पाहिलं. केळीच्या चिकाचा डाग मी झोपेतही ओळखीन.

मी घंगाळातून दुसरं ओलं फडकं ओढलं, स्वतःच्या मनगटावर गुंडाळलं आणि कढईतलं तीर्थ त्यावर ओतलं. ते तसंच काळं पडलं. हात वर करून सगळ्यांना दाखवत मी विचारलं, "माझ्या मनगटात कोणता कॅन्सर आहे?"

मजुरीला जाणारी भिकुबाई पुढे आली, तिनं फडकं चोळून पाहिलं आणि म्हणाली, "हा तं चीक व्हय!" कढईच्या तळाशी गंजलेले खिळे निघाले. चिकाला गंजाचं पाणी लागलं की तो काळा पडतो. केळ कापताना आमच्या कोयत्याचं पातं काळं पडतं ते असंच. एवढाच तो चमत्कार. महाराजांनी मात्र बाईचा विटाळ झाला म्हणून डोळे मिटून घेतले, आणि खरं सांगते, तरीही दहा-बारा जण त्यांच्या पाया पडत होते.

मांडवामागे केळीची ताजी कापलेली खोडं होती, खाली चीक धरायला वाट्या लावलेल्या. मळा अभिमनभाऊंचा. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"भाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हतं," ते म्हणाले. "मीच काढून देत व्हतो रोज."

मग तुकड्यातुकड्यानं बाकीचं बाहेर आलं. मळ्याला नाव झालं होतं, सरपंच येऊन त्यांच्या ओट्यावर बसत होता. लोक फक्त एकच विचारत होते, महाराज एवढे पावतात तर तुझा सख्खा भाऊ दवाखान्यात कशाला? त्यासाठी त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हातातली सुई काढली होती.

गावातल्या मगनच्या जीपमधून आम्ही परत जळगावला गेलो. इंजेक्शन सात तास बंद राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मोतीलाल जरा शुद्धीवर आले, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी ओळखला होता चीक, गळ्यावर ठेवला तेव्हाच. पण भाऊंनी आणलं होतं ना. म्हटलं, भाऊ मला कसा फसवेल, माझंच चुकत असेल."

चौथ्या दिवशी ते गेले. त्या सात तासांमुळे गेले का, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही, पण अशा तापात एकेक तास महत्त्वाचा असतो. तेराव्याला अभिमनभाऊ पंगतीत बसले. मी वाढायला उठले नाही.

माझं सांगणं फार नाही. महाराज परका असतो, त्याला आपल्या माणसाच्या उशाशी आपलंच कुणीतरी आणून बसवतं. म्हणून कोण सांगतंय ते पाहू नका, फडकं स्वतःच्या हातात घेऊन पाहा. कॅन्सरचं औषध चालू असताना ताप आला तर तो विष निघण्याचा ताप नसतो, दवाखाना गाठा. आणि रोग्याची खाट सोडू नका. मी दोनच तास सोडली होती.