शिंगांचा रंग

टक्.

किल्ली फिरली, गाडीच्या पोटात एकदाच काहीतरी आपटलं, आणि मग धामणगावच्या आमच्या अंगणात फक्त कोंबड्या ऐकू आल्या. स्टीअरिंगवर आत्याबाई होत्या. आशाबाई, माझ्या सासूबाई. साठीला टेकलेल्या, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा, मांडीवर कागदांची पिशवी. त्या दिवशी अमरावतीला त्यांची गाडी चालवण्याची परीक्षा होती. लर्निंग लायसनची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

टक्.

मामाजींना, म्हणजे माझे सासरे खुशालराव यांना, डोळ्यांच्या दुखण्यापासून गाडी चालवायला मनाई आहे. मी आणि माझा नवरा नितेश अकोल्याला. शेत गावापासून लांब. नितेशनं ठरवून टाकलं होतं की आईला लायसन मिळालं तर गाडी राहील, नाहीतर विकायची, उभ्या उभ्या सडवायची नाही. आत्याबाईंनी वाद घातला नाही. शेजारचे नत्थुजी पूर्वी ट्रॅक्टर चालवायचे. त्यांना शेजारी बसवून त्या रोज सकाळी कापसाच्या गाड्या यायच्या आत मार्केटच्या पटांगणात जायच्या आणि इंग्रजी आठाचे आकडे काढायच्या.

मी एकदा बघायला गेले होते. दोन पोती ठेवून त्यांच्यामधून त्या गाडी मागे घेत होत्या. पोत्याला धक्का लागला की उतरून पोतं नीट करायच्या, पदर खोचायच्या आणि पुन्हा बसायच्या. मला गाडी येते. पण मी अशी शिकले नव्हते.

टक् टक्.

या खेपेला दोनदा झालं, म्हणजे सुधारणा आहे, असं मी म्हणाले. कोणी हसलं नाही.

नितेशनं दिवे लावून पाहिले. लख्ख होते, म्हणजे बॅटरीत दम होता. तरी तिच्या टोकांवर जमलेला पांढरा थर मी गरम पाण्यानं धुतला, आत्याबाईंनी जुन्या ब्रशनं घासला. नत्थुजी बत्ता घेऊन गाडीखाली गेले आणि स्टार्टरला ठोकू लागले. म्हातारं जनावर आहे, बुडावर थाप पडल्याशिवाय उठत नाही, असं खालूनच सांगत होते.

टक्.

मग आम्ही धक्का मारला. फाटकापासून रस्ता उताराचा आहे. आत्याबाईंनी दुसरा गिअर टाकला, गाडी जरा पळाली, क्लच सुटला, एक हिसका बसला आणि इंजिन लागलं. नत्थुजींनी कपाळाचा घाम पुसला. नितेश म्हणाला, चला, आता अमरावतीपर्यंत बंदच करायची नाही.

आत्याबाई क्षणभर इंजिन ऐकत बसल्या. मग त्यांनी किल्ली उलटी फिरवली.

"आई, काय केलं हे?"

"परीक्षेत बंद पडली तं साहेबाले धक्का मारायले सांगू का मी?"

गाडी ढकलत परत अंगणात आणली. उतारावरून खाली न्यायला सोपी होती.

टक्.

नितेश किल्लीवर, आत्याबाई बॉनेटवर वाकलेल्या. सारखं लाव, थांब, लाव, थांब. मधेच त्यांनी नाक वर केलं. काहीतरी भाजल्याचा वास होता. मला तो अंगणातल्या चुलीचा वाटला. त्यांनी हात आत घातला, एकेक गोष्ट चाचपली, आणि एका ठिकाणी झटकन मागे घेतला.

अ‍ॅक्सिलरेटरची केबल. साधी तार, पायाकडून इंजिनकडे जाणारी. तिच्यात वीज नसते.

"हे काहून तापून राहिली?"

नितेश उतरून आला. त्यानं हात लावला, कपाळाला आठ्या घातल्या. मग तो सांगू लागला की बॅटरीतून निघालेला करंट स्टार्टर फिरवून परत बॅटरीत यावा लागतो, आणि येताना तो गाडीच्या लोखंडातून येतो. आत्याबाई मान हलवत ऐकत होत्या. गव्हाला पाणी देण्यात, बांध-धुरे राखण्यात त्यांची उमर गेली आहे.

"मंग त्याचा पाट कुठीतरी तुंबला," त्या म्हणाल्या. "म्हणून धुरा फोडून इकून येऊन राहिला."

मग दोघंही एकदमच वाकले, आणि बॅटरीपासून गाडीच्या लोखंडाकडे जाणारी जाड काळी वायर बोटानं पकडत पकडत गेले. ती एका बोल्टपाशी संपली. बोल्ट घट्ट होता. नितेशनं पाना लावून सैल केला, वायर बाजूला केली.

खाली लाल. चकचकीत, गुळगुळीत, दोन हातांचा रंग.

आम्ही कोणीच ओसरीकडे पाहिलं नाही.

ओसरीवर मामाजी बसले होते. दोन वर्षांपूर्वी बैलजोडी गेली. यंदाच्या पोळ्याला दारात तोरण होतं आणि तोरणाखाली उभं करायला फक्त गाडी. मग त्यांनी उरलेला शिंगांचा रंग काढला, बॉनेट उघडलं आणि जिथं गंज दिसला तिथं लावला. कामात कुचराई नाही. प्रत्येक बोल्ट खोलून, खालून रंगवून, वाळवून, परत बसवलेला. वायरीचं टोक आणि लोखंड यांच्यामध्येसुद्धा, आणि रंगातून करंट जात नाही. पोळ्यानंतर गाडी कुरकुरायला लागली, पण दोन्हीचा संबंध कोण लावणार? मागच्या काचेवर शिकाऊचा लाल एल काढलेला होता, तोही त्याच डब्यातला.

आत्याबाई हळूच म्हणाल्या, थोडासा खरवडू, त्यायले सांगू नका.

पण मामाजी उठून आत गेले होते. बाहेर आले तेव्हा हातात कानस होती. रंग लावायच्या आधी बैलांची शिंगं घासायची ती. डोळे बारीक करून ते वाकले. बोट फिरवून जागा शोधली.

"सरक," ते म्हणाले. "माह्या हातचं हाय, मीच काढतो."

रुपयाएवढी जागा त्यांनी घासली. पांढरं लोखंड दिसायला लागलं तरी घासतच होते. आत्याबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, तेव्हा थांबले. बाकीचा रंग कोणी काढला नाही.

वायर परत कसली, आत्याबाईंनी किल्ली फिरवली.

खर्रर्र.

अमरावतीपर्यंत आत्याबाईंनीच चालवली. मी शेजारी, मामाजी आणि नितेश मागे. चांदूर रेल्वेला चहासाठी थांबलो तेव्हा आत्याबाईंनी मुद्दाम गाडी बंद केली, मुद्दाम लावली.

परीक्षेच्या मैदानात आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर. आठाचा पहिला गोल छान झाला. दुसऱ्यात एक बाई मध्येच आडवी आली, आत्याबाईंनी ब्रेक दाबला, आणि गाडी बंद पडली. साहेब हातातला कागद खाली करून बघत उभे राहिले. मामाजींना एवढ्या लांबचं दिसत नाही. कुंपणाची तार धरून त्यांनी मला विचारलं, आवाज काहून थांबला.

आत्याबाईंनी गिअर सोडवला. पदर खोचला. किल्ली फिरवली.

खर्रर्र.

मामाजींनी कुंपणाची तार सोडली.

पास केल्यावर साहेबांनी काचेवरच्या लाल एलकडे बोट दाखवून सांगितलं की आता हा पुसून टाका. पुसला जात नाही तो, आत्याबाई म्हणाल्या, घासावा लागतो.

"घरी गेल्यावर. ज्यायनं लावला, तेच काढतीन."