यादीतलं पहिलं नाव

पंधरा वर्षं मी लोकांना कॉम्प्युटर शिकवला. गल्लीत कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाचा माऊस मेला, की पाटोदेकर सरांना बोलवा. मी जायचो, चष्मा कपाळावर चढवायचो, दोन मिनिटं गंभीर चेहऱ्यानं उभा राहायचो आणि मशीन बंद करून पुन्हा चालू करायचो. दहातल्या आठ वेळा तेवढ्यानं भागायचं. उरलेल्या दोन वेळा मशीन जुनं झालंय असं सांगायचो. एवढ्या विद्येवर माझं बरंच नाव झालं होतं आणि माझी त्याला हरकत नव्हती.

दोन हजार सोळाच्या मे महिन्यात मात्र त्या नावाला कुणी विचारेना. पोरं सगळं मोबाइलवर शिकू लागली होती. क्लासातल्या बारा मशीनसमोर तीन जण बसायचे, त्यातले दोन कूलरसाठी. अशात पुण्याच्या एका कंपनीनं घरबसल्या ऑनलाइन शिकवणारे शिक्षक मागवले. मी अर्ज केला आणि त्यांनी चक्क बोलावलं. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता लॅपटॉपवरून तासाभराचा नमुना तास घ्यायचा होता, विषय त्यांनीच दिलेला: घरातल्या वायफायच्या तक्रारी कशा सोडवाव्यात. नोकरी मिळाली तर क्लासला ताठ मानेनं कुलूप लावता येणार होतं. नाही मिळाली तर चोपन्नाव्या वर्षी मेहुण्याच्या मंगल कार्यालयात तारखा लिहायला बसायचं होतं.

आम्ही बीड बायपासच्या पलीकडे राहतो. आमच्या रो-हाऊसच्या जागी दहा वर्षांपूर्वी बाजरी होती. शहर इथवर आलं, नळ काही आला नाही. त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं आणि आमच्याकडे आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. गल्लीतले सगळे बोअर आटले होते, एक शेजारचा सोडून. शेजारी काकासाहेब. मूळचे गंगापूरकडचे, गावी शेती आणि इथं वाळूजच्या कारखान्यात नोकरी. त्यांच्या बोअरला रोज तासभर पाणी लागायचं आणि त्यातूनच ते रोज संध्याकाळी मागच्या भिंतीवरून पाइप टाकून आमचे दोन ड्रम भरायचे. आम्हाला कधी मागावं लागलं नाही. माझी बायको दमयंती म्हणायची, देवमाणूस आहे. मी म्हणायचो, आपणही त्यांचं केलंच आहे की.

मी केलेलं असं: त्यांची प्रेरणा बारावीला होती तेव्हा तिला आमच्या वायफायचा पासवर्ड दिला होता. दिवाळीत त्यांनी स्वतःचं कनेक्शन घेतलं, तेही मीच बसवून दिलं. माझाच लॅपटॉप नेऊन चाचणी घेतली, पोहे खाल्ले, चहा घेतला आणि घरी आलो. त्या चाचणीत मी लॅपटॉपमधल्या नेटवर्कच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर सरकवलं होतं. ते परत खाली आणायचं राहून गेलं. लॅपटॉप आपला आज्ञाधारक, जे नाव वर असेल ते आधी धरायचा. दोन्ही घरांत भिंत एकच, त्यामुळे घरी येऊनही सिग्नलच्या कांड्या पाचच्या पाच. मी कांड्या मोजायचो, नाव वाचायचो नाही. हे सगळं आज कळतंय. तेव्हा मी तज्ज्ञ होतो.

तर तासाची तयारी सुरू केली आणि लक्षात आलं की संध्याकाळ झाली की आपलं नेट रांगायला लागतं. भिंतीपलीकडून प्रेरणाच्या स्पर्धा परीक्षेच्या व्याख्यानांचा आवाज यायचा. मी दोन आणि दोन मिळवले आणि उत्तर पाच आलं. यांच्याकडे स्वतःचं कनेक्शन असताना पोरगी अजून आपल्याच वायफायवर बसते, असा निष्कर्ष काढून मी रागाच्या भरात पासवर्ड बदलून टाकला. माझ्या लॅपटॉपनं नवा पासवर्ड मागितलाच नाही. मला वाटलं, घरच्या माणसाला कशाला विचारेल.

दुसऱ्या संध्याकाळी नेट तसंच रांगत होतं. याचा अर्थ माझ्या मते एकच होता: पोरीनं नवा पासवर्डही फोडला. दमयंती म्हणाली, तुम्ही एकदा तुमच्याच लॅपटॉपमध्ये नीट बघा ना. कॉमर्सच्या पदवीधर बाईनं मला हे सांगावं याचा मला राग आला. वर ती म्हणाली की पाणी त्यांच्याकडून येतं, तर बोलताना तोंड सांभाळा. मी सांभाळलं. बुधवारी काकासाहेब पाइप सोडायला आले तेव्हा अगदी गोड आवाजात म्हणालो की उद्या पाच ते सहा माझ्या पोटापाण्याचं काम आहे, तुमच्याकडच्या नेटमुळे माझं अडतं, तेवढा वेळ जरा आवरलं तर बरं होईल. त्यांनी पाइपचं तोंड ड्रममध्ये सोडलं. मग म्हणाले, "आवरायचं काय सर, बंदच ठेवतो की."

गुरुवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. खाली लेंगाच होता, पण तो कॅमेऱ्यात येत नव्हता. पाच वाजता पुण्याहून सावनी नावाची तरुण मुलगी पडद्यावर आली, सोबत दोन साहेब. मी नमस्कार केला आणि पहिलंच वाक्य फेकलं की वायफायच्या निम्म्या तक्रारी या वायफायच्या नसून वापरणाऱ्याच्या असतात. साहेब हसले. माझी छाती दोन इंच फुगली. पाच वाजून चार मिनिटांनी सावनी तोंड उघडं ठेवून थिजली आणि पडदा काळा झाला.

मी मागच्या दारानं धावलो. काकासाहेब भिंतीपाशी पाइप उलगडत होते. मी दम खात विचारलं की आता काय केलंत.

"काय नाय सर. ते नेटच्या मशीनचं बटण बंद केलं. तुमच्यासाठीच. जरा उशीर झाला, कामावरून आत्ताच आलो."

त्यांच्या मागे प्रेरणा उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, सर आपल्याच नेटवर असतात. राउटरमध्ये त्यांच्या लॅपटॉपचं नाव दिसतं मला, दिवाळीपासून."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"तुम्हीच बसवून दिलं व्हतं ना सर. मला वाटलं, तुमचं आणि बाबांचं तसं ठरलं असंल. पाण्यासारखं."

मला तिथंच ड्रममध्ये उतरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात माझा बटणांचा फोन वाजला. सावनी म्हणाली की दहा मिनिटं थांबतो सर, आमच्या साहेबांना पुढे दुसरी मीटिंग आहे. काकासाहेब मशीन चालू करायला निघाले, पण प्रेरणानं थांबवलं. आमचं कनेक्शन बारीक आहे, व्हिडिओ पुन्हा अडकेल, सरांचं स्वतःचं मोठं कनेक्शन सात महिने मोकळं पडलंय, तेच जोडू, असं तिचं म्हणणं. ती आमच्या घरात आली. काकासाहेब मागोमाग आले आणि दाराशी थांबले.

तिनं माझ्या लॅपटॉपवर यादी उघडली. पहिलं नाव काकासाहेबांचं, दुसरं माझं. तिनं एका टिचकीत वरचं खाली केलं, खालचं वर केलं. मी पन्नास मिनिटांत समजावणार होतो ते तिनं न बोलता उरकलं. लॅपटॉपनं माझ्या वायफायचं दार ठोठावलं, जुना पासवर्ड दाखवला आणि हाकलून लावलेल्या पाहुण्यासारखा परत आला. मग पडद्यावर नवा पासवर्ड टाकायची चौकट उघडली.

मी घाईनं म्हणालो, "मी टाकतो."

त्या चौकटीत अक्षरं उघडी दिसतात, हे मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो. म्हणून लॅपटॉप भिंतीकडे वळवून टाकायला लागलो. घाईत पासवर्ड पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. फोनवर सावनी म्हणाली की सर, पाच मिनिटं राहिली. प्रेरणानं लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला.

"सांगा सर, मी टाकते."

दमयंती स्वयंपाकघरातून बाहेर आली. काकासाहेब दारातच होते, हात ओले. मला मंगल कार्यालय दिसत होतं, तारखांची वही दिसत होती. पासवर्ड पुन्हा बदलायला वेळ नव्हता, आणि खोटं सांगितलं तर दार उघडणार नव्हतं.

"एफ यू के ए टी ई," मी म्हणालो. "त्यापुढे बावीस."

फुकटे बावीस. बावीस हा काकासाहेबांच्या घराचा नंबर. प्रेरणाची बोटं थांबली. मला कधी एवढी लाज वाटली नव्हती, आणि ती लाज माझ्या हक्काची होती, कुणावर ढकलता येण्यासारखी नव्हती.

मग ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "एफ कॅपिटल का सर?"

"स्मॉल," मी म्हणालो.

नेट लागलं. पाचच्या पाच कांड्या. सावनी पडद्यावर हलायला लागली. प्रेरणा उठली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. मी काकासाहेबांकडे वळलो. काय म्हणणार होतो देव जाणे, पण त्यांनी हातानंच थांबवलं.

"तुम्ही तुमचं काम करा, सर. लोक खोळंबलेत. ड्रम अर्धा झालाय, भरला की पाइप म्या काढून घेतो."

ते मागच्या दारानं गेले. मी खुर्चीत बसलो आणि तीन अनोळखी माणसांना नेटवर्कचा क्रम समजावू लागलो. तास चांगला झाला म्हणतात, नोकरीही मिळाली. मला त्यातलं एक वाक्य आठवत नाही. मागे ड्रममध्ये पाणी पडत होतं आणि मी बोलता बोलता त्याचाच आवाज ऐकत होतो.