टेबलावरचा लोखंडी टोप

"हा टोप काढा ना," गेजीना म्हणाली. "एनो पाणबुडीवर आहे. त्याला कशाला लागतोय लोखंडी टोप?"

विवाह नोंदणी कारकून टियार्क्स यांनी नकारार्थी मान हलवली. नवरा युद्धावर असला की त्याच्या खुर्चीपुढे सैनिकाचा टोप ठेवायचा आणि लग्न लावायचं, असा रिवाज पडला होता. या वर्षातलं हे अकरावं. टोप तोच, कचेरीच्या कपाटातला.

"राहू दे गं," एनोची आई तालेआ म्हणाली. "याला दारूचा वास तरी येत नाही. माझ्या लग्नात एनोच्या बापाला येत होता."

गेजीना पोटावर हात ठेवून हसली. तिला नववा लागला होता.

एनोनं निघण्यापूर्वी कप्तानासमोर होकार लिहून दिला होता. पाणबुडी नवी कोरी. मार्चमध्ये ताफ्यात आली, उन्हाळाभर बाल्टिकमध्ये सराव झाला, ऑक्टोबरात पहिल्या मोहिमेवर गेली.

तालेआचा उजवा हात एप्रनच्या खिशातच होता. सुनेची कॉलर सारखी करायला तिनं तो काढला, तेव्हा एका लिफाफ्याची कड वर आली. तिच्यावरचा नौदलाचा शिक्का टियार्क्सना पाठ होता. मृत्यूची नोंद करायला लोक तसलेच लिफाफे आणत. जानेवारीत आपल्या बायकोच्या मृत्यूची नोंदही त्यांनी याच टेबलावर केली होती.

नियमानं आता थांबायला हवं होतं. थांबले, तर कागद जिल्ह्याला जाणार, आणि मूल बापाच्या नावाविना जन्मणार.

"तालेआ, काही सांगायचंय का?" त्यांनी विचारलं.

"आहे. सह्या झाल्यावर सांगते."

टियार्क्सनी टाक गेजीनापुढे केला. तिनं होकार दिला, नवं आडनाव सावकाश लिहिलं. तालेआनं साक्षीदाराची सही केली, शाई टिपली आणि मगच लिफाफा टेबलावर ठेवला.

मोहिमेच्या एकोणतिसाव्या दिवसापासून पाणबुडीनं एकाही संदेशाला उत्तर दिलं नव्हतं. सगळ्यांना मृत धरलं होतं.

गेजीनानं पत्र दोनदा वाचलं. "कधी आलं हे?"

"मंगळवारी."

आज शुक्रवार होता.

"आई, काल तुम्ही केक केलात."

"केला. लग्न होतं ना."

सोमवारी बारावं लग्न होतं. टोप परत ठेवायला टियार्क्सनी कपाट उघडलं. वळून बघतात तो टेबल रिकामं. गेजीनानं टोप मांडीवर घेतला होता आणि बाहीनं त्यावरची धूळ पुसत होती.

त्यांनी कपाट लावून घेतलं.