अर्पिताचं प्रस्थान

ढाका कुठं आहे हे कस्तुराबाईला ठाऊक नव्हतं, पण नात तिथं डॉक्टरकी शिकते हे अख्ख्या बोरी गावाला तिनं ऐकवून झालं होतं. साथीमुळं घरी आलेली अर्पिता आता शेवटच्या परीक्षेला परत निघाली होती. कोरोनाची टेस्ट निगेटिव्ह आली तरच बांगलादेशात घेणार, नाहीतर वर्ष वाया. रिपोर्टही ताजा हवा, बहात्तर तासांपेक्षा शिळा चालत नव्हता.

आणि गुरुवारचं विमान नेमकं अमावास्येला! विमान काही कस्तुराबाईचं ऐकणारं नव्हतं. म्हणून तिनं रीतीप्रमाणं सोमवारीच प्रस्थान ठेवलं. नातीची ओढणी, तांदूळ, सुपारी असं गाठोडं बांधून शेजारच्या कडूबाईकडं नेऊन ठेवलं. गाठोडं चांगल्या दिवशी घराबाहेर पडलं की माणूस निघाल्यातच जमा. देवाचीही खात्री पटावी म्हणून तिनं पासपोर्टसुद्धा आत घातला. मग दोघी मैत्रिणी चहा पीत गप्पा मारत बसल्या.

दुपारी कडूबाईला हुडहुडी भरली, तपासणीत कोरोना निघाला आणि तिच्या दारापुढं बांबू आडवे बांधले गेले.

अर्पिता जिंतूरहून आली तशी गोठ्यात वेगळी जाऊन बसलेली आजी आतूनच ओरडली, "तिथंच थांब! मी कडूकडं चहा पिऊन आलेय." मग पासपोर्टचंही सांगितलं आणि सांगता सांगता तिला रडूच कोसळलं. पासपोर्ट दाखवल्याशिवाय उद्या परभणीत टेस्ट होणार नव्हती.

पलीकडून कडूबाईचा आवाज आला, "रडायलीस कशाला? चिंचा पाडायची आकडी हाय की!"

आकडीला अडकवलेलं गाठोडं बांबूवरून बाहेर आलं. अर्पितानं पासपोर्ट सॅनिटायझरनं पुसून पुसून घेतला.

बुधवारी तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. गुरुवारी पहाटे हैदराबादला नेणारी जीप दारात लागली. पोरीच्या हातावर दही घालायचा मान आजीचा, पण ते आईनं घातलं. कस्तुराबाईला ताप नव्हता, खोकला नव्हता. तरी ती गोठ्याबाहेर आली नाही. पाया पडायला पुढं आलेल्या नातीला तिनं हात करून थांबवलं आणि गायीच्या पाठीआड तोंड लपवलं. त्या पोरीला एकदा कुशीत घ्यावं म्हणून तिचा जीव तुटत होता.

अर्पितानं गळ्यातली ओढणी काढली. आईकडून मूठभर तांदूळ न् सुपारी मागून घेऊन तीत बांधली आणि गाठोडं गोठ्याच्या दारात ठेवलं.

"आजी, हे माझं परतीचं प्रस्थान. ढाक्याहून मी निघाले समज."

"आगं, आज अमुशा हाय!"

जीप वळणाआड गेली. कस्तुराबाई दारापाशी आली आणि तिनं गाठोडं उचलून पोटाशी धरलं.