जाळीत राहिलेलं पुरण

मित्रांनो, अशी कल्पना करा : पोळ्याचा दिवस आहे, दारात शिंगं रंगवलेला बैल उभा आहे आणि घरात पुरणाला डाळच नाही.

मी एक जुनं पितळी पुरणयंत्र आहे. तलवाड्याच्या छबुबाईला दूध सोसायटीनं मला एका सुकाळाच्या दिवाळीत बक्षीस दिलं. सणासुदीला सारी वस्ती मला मागून नेई. रीत एकच. परत देताना मला रिकामं पाठवायचं नाही; पोटात पुरणाचा एक गोळा ठेवायचा.

त्या साली दुष्काळ होता. जनावरं चाऱ्याच्या छावणीत होती. छबुबाईचे सासरे तात्याबा सणापुरता बैल चालवत घरी घेऊन आले. त्यांचा पोळ्याचा उपास होता.

"मामंजी, ज्वारीच्या कण्या शिजवल्यात. त्याच चारू का?"

"कण्या रोजच्याच हायेत. पुरणाचा घास त्याच्या तोंडात गेल्याबिगर म्या पाणी बी पिणार न्हाई."

आता सगळी आशा शेजारच्या भिवराबाईवर होती. सकाळीच तिनं मला नेलं होतं. पण तिची डाळ दोनच मुठी आणि लेकरं चार! तिनं माझ्या पोटात गोळा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मग मला घासायला राखेची मूठ उचलली आणि तशीच खाली टाकली. छबुबाईची लेक अंजना मला न्यायला आली, तेव्हा भिवराबाई मान खाली घालून एवढंच म्हणाली, "ने बाई."

छबुबाईनं मला उघडलं आणि ती भडकली. "गोळा तर न्हाईच, वर खरकटं धाडलं! धुतलं कावून न्हाई? येऊ दे पुन्यांदा मागायला! अंजने, राख लाव त्याला."

मी सारं पाहिलं होतं, पण सांगणार कसं? अंजनाची राखेनं भरलेली मूठ माझ्यावर आली. आता सगळं संपणार! तोच तिनं वाकून जाळीत पाहिलं. भोक न् भोक पुरणानं भरलं होतं.

"आई, मावशीचं धुवायचं राहिलं न्हाई. तिनं ठिवलंय हे."

छबुबाईनं तिच्या मुठीतली राख खाली झटकली.

अंजनानं लिंबाच्या काडीनं एकेक भोक कोरलं. बोराएवढं पुरण निघालं. ते भाकरीच्या तुकड्यावर लावून तात्याबांनी बैलापुढं धरलं. त्यानं हुंगलं, मान वळवली. मग त्यानं जीभ काढली आणि घास ओढून घेतला. तात्याबांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

मित्रांनो, भांडी घासूनपुसून जपा. पण कुणाच्या घरून खरकटं भांडं आलं, तर रागावण्याआधी आत नीट पाहा.

अंजनानं मग मला राखेनं लखलखीत घासलं आणि पोटात काठोकाठ कण्या भरल्या.

"कुठं गं निघालीस?" छबुबाईनं विचारलं.

"मावशीकडं. रिकामं कसं न्यायचं?"

छबुबाईनं वरून गुळाचा एवढासा खडा ठेवला. अंजनानं मला कडेवर घेतलं आणि भर उन्हात भराभर चालू लागली.